भिंतीतली पांढरी पूड

३ फेब्रुवारी
ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुम्ही ओतलेल्या भिंतीचं गणित माझ्याकडे आलं, म्हणून अख्ख्या गल्लीला सांगत सुटलात म्हणे! आता ऐका. अणुभट्टीतून निसटलेले न्यूट्रॉन त्या भिंतीत किती जिरतील, हे मी काढलं होतं. सिमेंट, खडी, पाणी, बोरॉनची पांढरी पूड, प्रत्येकाचे अणू किती आणि ते किती न्यूट्रॉन गिळतात, याची बेरीज. पूड थोडीशीच, पण सगळ्यांत खादाड तीच. चाचणीत मात्र माझ्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट न्यूट्रॉन पलीकडे आले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, पोरीला गणित येत नाही. तीनदा तपासलं, चूक सापडत नाही. महिनाअखेर मला काढतील. आईला सांगू नका.

आशीर्वाद असू द्या.
तुमची मास्तरीण


९ फेब्रुवारी
चि. मास्तरीणबाईस अनेक आशीर्वाद.

आईला सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही. साहेबाला म्हणावं, भिंतीला नावं ठेवू नकोस. त्या पुडीने काँक्रीट दोन-दोन दिवस घट्टच होईना. तीस वर्षं मुकादमी केली, माल बिघडलेला बघवत नाही. गुपचूप निम्मीच घालायला लावली. काय बसलीय भिंत! हातोडा मारला तर हात झिणझिणतो. हे तुझ्या पुस्तकात नसेल. वेळेवर जेवत जा.

तुझे बाबा


१४ फेब्रुवारी
ती. बाबांस, शि. सा. न.

पत्र वाचून आधी हायसं वाटलं, की माझं गणित बरोबर होतं. त्याची लाज अजून जात नाही. निम्मी पूड धरून आकडे मांडले, चाचणीशी तंतोतंत जुळले. त्या भिंतीपलीकडे आठ माणसं रोज पाळीने बसणार आहेत, आणि हे न्यूट्रॉन अंगाला घातक असतात. तुम्ही स्वतः जाऊन सांगा. सोमवारपर्यंत थांबते, नाहीतर मला सांगावं लागेल.

रागावलात तरी लोभ सोडू नका.
तुमची मुलगी


२० फेब्रुवारी
चि. मुलीस आशीर्वाद.

सोमवारी सांगून आलो. उभ्या उभ्या कामावरून काढलं. भिंत फोडणार आहेत. लवकर उरका म्हणून मागे लागलेला इंजिनिअर खिडकीबाहेर बघत होता. तुझ्या साहेबाने विचारलं, तुला अडाण्याला पूड कमी करायचा अधिकार कुणी दिला? माझ्या तोंडून एवढंच निघालं, की माझी मुलगी पदवीधर आहे. सगळे हसले.

तुझी नोकरी राहिली असेल. तू चुकलीस असं मी म्हणत नाही. पण यापुढे पत्र आईच्या नावाने टाक. ती सांगेल तेवढं ऐकेन.

बाबा