दहा दिवस आणि चाळीस इंच

८ जानेवारी, रविवार

दहा दिवस! बाबांचं डोकं फिरलंय.

चर्चमधून आल्यावर जेवायला बसलो होतो. लोणी मागावं तितक्या सहज म्हणाले, "या वेळी फ्लोरिडाला मीही येतो. पण दहा दिवस जाऊ." दवाखान्यात वर्षाच्या मिळून दहा रजा मिळतात मला. त्यातल्या निम्म्याहून जास्त एका राइडच्या पार्कात उधळायच्या? आणि मार्चमध्ये लेकीचे, जूनीचे, कान दुखायला लागले की?

म्हटलं, बाबा, अडीच दिवस पुरतात. गेल्या खेपेला अडीच दिवसांत एकोणीस राइड केल्या आम्ही! पहाटे फाटकाशी उभं राहायचं, दोर सुटला की सरळ आत. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. दातांच्या पेशंटांना मी वेळा देते ना, अगदी तसंच. उभ्या-उभ्या खायचं.

बाबा म्हणाले, "आणि त्या एकोणिसातली सगळ्यात आवडली कुठली?"

मला चटकन आठवेना. कर्ट हसला. नवरा म्हणे!

१५ जानेवारी, रविवार

हरले. जूनीनं हरवलं. सप्टेंबरात तिची शाळा सुरू होईल, मग कुठले दहा दिवस? आणि बाबांनी तिच्या डोक्यात भरवलंय की पार्कातल्या नकली डोंगरावरच्या आगगाडीत आजोबा आणि ती शेजारी-शेजारी बसणार. त्या गाडीला चाळीस इंच उंची लागते. कर्टनं स्वयंपाकघराच्या दाराशी उभी करून मोजली — चाळीस, वर थोडी! तेव्हापासून चर्चमधल्या म्हाताऱ्यांना सांगत सुटलीय, "मी चाळीस झाले." त्या म्हणतात, दिसत नाहीस हो तितकी!

बाबांनी माझा जुना आराखडा मागून घेतला. चष्मा लावून वाचला. "यात ती आगगाडी कुठाय?" म्हटलं, तिची रांग तासाची असते, तेवढ्यात तीन राइड होतात. "आणि आधीच्या खेपांना?" तेव्हाही नाही केली. "हं," म्हणाले, आणि वाटाणे पुढे सरकवले.

२९ जानेवारी

गाडी सुरू होत नाही इतकी थंडी. बॅगेत पोहायचे कपडे भरतेय. वेडेपणा.

४ फेब्रुवारी, शनिवार

पोचलो. विमानातून उतरल्यावर मी धावत सुटले, मागे वळून बघते तर बाबा नाहीत! सामानाच्या पट्ट्याशी एका पोर्तो रिकोच्या आजोबांशी गुडघ्यांवर चर्चा चालली होती. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली बाबांनी. कुणी घाईनं पायरी चढलं की इंजिन बंद करून बसायचे, सगळे नीट बसेपर्यंत.

त्यांचा नियम: दुपारी बारापर्यंत पार्क. मग हॉटेल, पोहणं, झोप. वाटलं तर संध्याकाळी परत. दिवसाला दोन राइड. तिसरी झाली तर ती फुकट समजायची!

मी आजपासून हिशेब ठेवणार, किती राइड बुडाल्या त्याचा. दाखवतेच.

५ फेब्रुवारी, रविवार

वाईट झालं.

जूनीला धीर धरवेना, म्हणून नियम मोडून दुपारी चारला आगगाडीशी गेलो. रांगेच्या तोंडाशी ती लाकडी मोजकाठी. काठीशी एव्हलिस नावाची बाई, ठेंगणीशी, केस घट्ट बांधलेले. तिनं जूनीला उभं केलं, आडवी पट्टी फिरवली. पट्टी डोक्यावरून सुळ्ळकन गेली. लागलीच नाही. पाव इंच कमी!

मी म्हटलं, घरी मोजलंय, चाळीस भरली होती. बाई म्हणाली, "ताई, घरी सगळीच मुलं उंच असतात." मग कर्ट पुटपुटला, "मार्ला, तेव्हा तिच्या पायात बर्फाचे बूट होते गं."

बर्फाचे बूट! आणि इथे सँडल. आमच्या आयोवातल्या माणसांनाच जमावं हे.

जूनी रडली नाही. मान खाली घालून स्वतःच्या सँडलकडे बघत राहिली. ते मला बघवेना. अगदी तशीच उभी राहिले होते मी — १९८९, पाच वर्षांची, याच काठीशी. बाबांना पाच दिवसांची सुट्टी. चार गाडी चालवण्यात गेले, एक दिवस पार्कात. संध्याकाळ होत आली होती, नखभर कमी पडले. "पुढच्या वर्षी," बाबा म्हणाले होते. पुढच्या वर्षी आई आजारी पडली आणि मग तो विषयच संपला. तेव्हाच ठरवलं होतं मी, आपण मोठं झालो की एक मिनिट वाया घालवायचं नाही.

अडीच दिवसांची सहल असती, तर आज सगळं संपलं असतं. बाबा मात्र खाली वाकून जूनीला म्हणाले, "अजून आठ दिवस आहेत की, राणी."

आठ दिवसांत काय पोर वाढणार आहे? उगाच आशा लावतात.

६ फेब्रुवारी, सोमवार

बाबा म्हणतात, मुलं सकाळी उंच असतात! दिवसभर उभं राहून, पळून माणूस दबत जातो, रात्री झोपला की पुन्हा ताणला जातो. म्हटलं, बाबा, ही काय मफलर आहे? त्यांनी हॉटेलच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण केली, रात्री झोपायच्या आधी. कर्टनं हॉटेलवाल्यांची भीती घातली. बाबा म्हणाले, "मी पुसून जाईन. मुलांच्या शिव्या पुसल्यात सीटवरच्या, ही काय खूण!"

७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळची खूण रात्रीच्या खुणेच्या वर!! दोनदा मोजलं. मी स्वतः मोजलं. अनवाणी.

पण चाळीसला अजून केसभर कमी. बाबा शांत. "काल फार पोहली. आज दमवायची नाही."

दिवसभर पाऊस. गेलोच नाही कुठे. मी दुपारी झोपले! दोन तास! दुपारची शेवटची कधी झोपले होते, आठवत नाही. उठले तेव्हा पडवीत बाबा आणि जूनी फुली-गोळा खेळत होते, माझ्या आराखड्याच्या पाठीमागे. ओरडणार होते. नाही ओरडले.

८ फेब्रुवारी

बुडालेल्या राइडचा हिशेब दोन दिवस लिहिलाच नाही. राहिलं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आज पूर्ण दीड तास बाकावर बसलो. नुसते! पार्कातल्या मुख्य रस्त्यावर, बँडसमोर. बाबांनी पावाच्या पिशवीतून शेंगदाण्याच्या लोण्याचे सँडविच काढले (लोण्याचा डबा घरून आणलेला!), आणि एक लांब चोचीचा पांढरा पक्षी कर्टच्या हातातलं खाणं पळवून गेला. कर्ट त्याच्यामागे चार पावलं धावला. जूनी इतकी हसली की तिला उचकी लागली.

चार वेळा आलेय मी इथे. दिव्याच्या खांबांना हाताने रंग देतात हे आज दिसलं. एक म्हातारा कामगार गुडघ्यावर बसून सोनेरी रेघ ओढत होता. बाबांनी त्याला विचारलं, "किती खांब आहेत?" तो म्हणाला, "शेवटचा रंगवून होतो तोवर पहिल्याचे पोपडे निघतात, साहेब." दोघं हसले, जुने मित्र असल्यासारखे. मला बाबांचं कौतुक वाटलं. फार वाटलं. एकतीस वर्षं लोकांच्या पोरांना वेळेवर पोचवलं आणि कधी कुणावर खेकसले नाहीत. मी रोज आठच्या आत दोनदा खेकसते.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

झालं! झालं! झालं!

पहाटे बाबांनी जूनीला अंथरुणातून उभं राहूच दिलं नाही. "पाय टेकायचे नाहीत. उभी राहिलीस की उंची उतरलीच." बाबागाडीची पाठ आडवी केली, पोरगी तीत लांबच लांब पसरली, हात पोटावर. दूध नळीनं. फाटकाशी तपासनीस विचारतो, "आजारी आहे का?" जूनी डोळे मिटून म्हणाली, "मी उंच होतेय." पार्कभर लोक बघत होते. दहा दिवसांपूर्वी लाजेनं मेले असते. आज मीच ढकलत होते गाडी, रस्ता मोकळा करा म्हणत!

काठीशी एव्हलिसच. तिनं ओळखलं. बाबांनी जूनीला उचललं आणि अलगद उभी केली, अंडं ठेवावं तशी. सँडल तेच. बाईनं पट्टी फिरवली.

टक्!

एव्हलिसनं पुन्हा फिरवली. टक्! मग तिनं हात वर करून सगळ्या रांगेला ओरडून सांगितलं, "चाळीस!" रांगेनं टाळ्या वाजवल्या. अनोळखी माणसं! मी हुंदके देत होते. लपवलं नाही.

आजोबा-नात तीनदा बसून आले. कर्ट आणि मी बॅगा धरून बाहेर. जूनी उतरल्यावर म्हणाली, "आजोबा ओरडले, मी नाही." बाबा म्हणाले, "खरं आहे."

नंतर बाकावर बाबांना विचारलं, सकाळी उंच असतात हे कुठून कळलं तुम्हाला? त्यांनी खिशातून कागदी रुमाल काढला. मग म्हणाले, "एकोणनव्वदला आपण इथून परत आलो त्या शरदात शाळेच्या नर्सबाईंनी सांगितलं. पोरांची उंची मोजायला मला लवकर बस आणायला लावायच्या. म्हणायच्या, दुपारी सगळी पाव इंच खोटं बोलतात." हातातला कागदी रुमाल चार घड्या घालून पुन्हा उलगडला. "मार्ला, तुला वर्षभर थांबायची गरज नव्हती गं. एक सकाळ हवी होती फक्त. माझ्याकडे एक सकाळ नव्हती."

चौतीस वर्षं हे पोटात ठेवलं! त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

उद्या संध्याकाळचं विमान. सकाळ रिकामी आहे. मी काही ठरवलेलं नाही. पोहू, नाहीतर बाकावर बसू.

कर्टला विचारलं, बाबांनी दहा दिवसच का मागितले, तुला ठाऊक होतं? तो बूट झाडत बसला. "मला विचारू नकोस," म्हणाला. म्हणजे ठाऊक होतं!

१३ फेब्रुवारी, सोमवार

सहाला दारावर टकटक. बाबा बाहेरून कुजबुजले, "मार्ला, उठलीस का? उभी राहू नकोस!" मी हसत सुटले. एकोणचाळीस वर्षांची बाई! जूनी आणि कर्ट झोपलेले. आम्ही दोघंच पार्कात गेलो, हळूहळू, त्यांच्या गुडघ्यांच्या चालीनं.

मी सरळ रांगेत शिरत होते. बाबांनी दंड धरून मागे आणलं आणि काठीशी उभं केलं. पट्टी माझ्या पोटाशी लागली. एव्हलिस म्हणाली, "चालेल."

गाडीत बाबांनी आमच्यावरचा दांडा खाली ओढला, दोनदा हलवून बघितला.

"पुढच्या वर्षी म्हणालो होतो ना," म्हणाले.