मामाची तालीम

सोमवार, ४ मार्च

मामाला दोन खाती मिळाली! संरक्षण आणि परराष्ट्र — दोन्ही एकदम. कालपर्यंत हा माणूस मासेमारी बघत होता.

मामी म्हणाली, "बरंच झालं. भांडायचं कोणाशी आणि गोड बोलायचं कोणाशी, एकालाच ठाऊक असलेलं बरं."

मामा हसला नाही. पाचावर धारण बसलीय त्याची. कारण आता प्रश्नोत्तराचा तास! मासेमारीला कोण प्रश्न विचारतंय? एकदाच कोणीतरी विचारला होता — बंदराला कुंपण का नाही? मामा उठला आणि म्हणाला, "हो." आणि बसला.

त्याचं हे असंच आहे. कोंडीत सापडला की तोंडातून "हो" निघतं. मामी म्हणते आमचं लग्नही असंच ठरलं.

मंगळवार, ५ मार्च

मामाचे सेक्रेटरी घरी येऊन गेले. इतके बारीक की मामी त्यांना सुतळी म्हणते. (पाठीमागे. एकदा समोर म्हणाली, मग खोकली.) ते मामाची उत्तरं लिहून आणतात. प्रश्न सगळे "हे खरे आहे काय?" असे. उत्तरं तीनच. "नाही." "अंशतः खरे आहे." आणि तिसरं — "प्रश्न उद्भवत नाही."

शाळेत हे कोणी का शिकवलं नाही मला! बाई नाव घ्यायच्या, मी उभी राहायचे, उत्तर यायचं आणि घसा बंद. सगळा वर्ग माना वळवून बघायचा. "प्रश्न उद्भवत नाही" म्हणून खाली बसले असते तर आज दहावीला असते. नववीतच सोडली. आई म्हणाली, जा मामाकडे, मामीला मदत होईल, माणसांत मिसळशील. मिसळतेय. ह्या वहीत.

तर घोडं अडलं ते उपप्रश्नांवर. लिहिलेलं उत्तर वाचून झालं की विरोधक उठून काहीही विचारतात. ते कागदावर नसतं. म्हणून तालीम हवी. सुतळी प्रश्न विचारायला लागले, पण इतक्या अदबीने की मामा म्हणाला, "अहो, तुम्ही माझी तब्येत विचारताय का?" मामीला विचारायला लावलं तर ती हसतच सुटली.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. नाही म्हणजे नाही!

"दाराआडून विचार," मामा म्हणाला. "मी बघणारच नाही तुझ्याकडे."

स्वयंपाकघराच्या दारामागे गेले. आत्याबाईंचा आवाज काढला. आत्याबाई म्हणजे विरोधी पक्षाच्या त्या बाई — मामीनेच ठेवलेलं नाव, नवऱ्याकडच्या आत्यासारख्या बोलतात म्हणून. रेडिओवर ऐकून ऐकून येतो मला. "अध्यक्ष महोदय! मंत्रिमहोदय झोपलेत, की झोपेचं सोंग घेतलंय?"

मामा खुर्चीतून उठून उभाच राहिला. सुतळींच्या हातातली फाईल पडली.

कुठून आला एवढा आवाज? माझा नव्हता. माझा असता तर आलाच नसता.

गुरुवार, ७ मार्च

आमचे नऊ सैनिक हरवलेत. डोंगरात धुकं होतं, चालत राहिले, तंबू ठोकून झोपले. सकाळी उठून बघतात तर सरहद्दीच्या पलीकडे, दुसऱ्याच्या बटाट्याच्या शेतात! पलीकडच्यांनी त्यांना गावातल्या शाळेत कोंडून ठेवलंय. "पाहुणे आहेत" म्हणतात. दाराला कुलूप लावून पाहुणचार!

सुतळींचं उत्तर: "तुकडी हरवलेली नाही. तुकडीचे ठिकाण तूर्त निश्चित करण्यात येत आहे."

मामी म्हणाली, "माझा चष्मा पण असाच हरवत नाही."

शुक्रवार, ८ मार्च

ड्रायव्हरकाका आज गाडी पुसत होते. एकच काच. पुसतच होते.

मी जवळ जाऊन उभी राहिले. मला विचारता येत नाही, पण माझ्याशी लोक बोलतात. मुक्या माणसाचा हा एक फायदा.

"त्या नवांत आमचा लांब्या आहे," काका म्हणाले.

लांब्या! त्यांचा मुलगा. माझ्या सायकलची साखळी नेहमी तोच बसवायचा. तो सैन्यात गेला तेव्हा त्याच्या मापाचे बूट मिळायला महिना लागला होता.

"साहेबांना बोलू नकोस हं, बाळ. म्हणतील, घरचा ड्रायव्हर म्हणून वशिला लावतोय. साहेबांना आधीच काय कमी ताप आहे?"

मी मान हलवली. नाही सांगणार! पण आता बटाट्याचं शेत हसण्यासारखं राहिलं नाही.

सोमवार, ११ मार्च

स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलो. मामाने उत्तर वाचलं. मग आत्याबाई उठल्या —

"अध्यक्ष महोदय, तुकडी हरवलेली नसेल, तर मंत्रिमहोदय हरवलेत का?"

माझं वाक्य! कालच्या तालमीतलं! शब्दन् शब्द! सभागृह हसत होतं. माझं वाक्य, आणि सगळं सभागृह! कानाच्या पाळ्या तापल्या. मामीने शेंगा सोलायच्या थांबवल्या, माझ्याकडे बघितलं.

मामा काय बोलला ते ऐकूच आलं नाही. त त प प करत असणार.

मग एकदम लाज वाटली. वाक्य माझं, आणि मार मामाला.

मंगळवार, १२ मार्च

सुतळी म्हणतात, घरातून कोणीतरी फोडतंय. आणि त्यांनी मामीकडे बघितलं!

मामी उसळलीच. "मी? मी माझ्या बहिणींशी बोलते. त्यांना ह्यांच्या खात्यापेक्षा ह्यांच्या ढेरीत जास्त रस आहे!"

मामा मध्ये पडला तर त्यालाच बसलं. "तुम्ही गप्प बसा. तुमचं ठिकाण तूर्त निश्चित करण्यात येत आहे."

बुधवार, १३ मार्च

कळलं मला कोण ते.

काकांचा डबा राहिला होता, तो द्यायला सभागृहाच्या मागच्या बाजूला गेले. तिथे चहाची टपरी आहे. सगळ्या साहेबांचे ड्रायव्हर तिथे. सत्ताधारी, विरोधक — एकाच बाकावर, एकमेकांच्या बिड्या ओढत. काका आत्याबाईंच्या ड्रायव्हरशी बोलत होते. काका बोटांवर मोजून सांगत होते आणि तो मान डोलावत होता. खिडकीखाली गाडी पुसता पुसता काका आमची तालीम ऐकायचे म्हणजे!

मला बघितलं आणि काकांचा चेहरा उतरला.

"बाळ," म्हणाले, "आमच्यासारख्याने विचारलं तर कोण ऐकणार? त्या बाईंनी विचारलं तर उत्तर तरी द्यावं लागतं."

मी डबा दिला. "पोळ्या गार होतील," मी म्हणाले. एवढंच.

मामाला सांगू? सांगितलं तर काकांची नोकरी गेली, आणि लांब्याचं विचारणारं कोणी उरलं नाही. नाही सांगितलं तर मामाची खुर्ची गेली. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि मध्ये मी — जिला बोलताच येत नाही!

गुरुवार, १४ मार्च

आज तालमीला मामा एकटाच होता. सुतळी रागावून ऑफिसात. मामा म्हणाला, "सगळ्यात अवघड प्रश्न विचार. आत्याबाईंनाही सुचणार नाही असा."

दारामागे गेले. आवाज काढायला गेले, आलाच नाही. आत्याबाई गेल्या कुठेतरी. मग दाराबाहेर आले. का आले माहीत नाही.

"मामा, त्यांना फोन केला का?"

माझाच आवाज होता. बारका.

"कोणाला?"

"पलीकडच्या मंत्र्यांना. की आमची माणसं द्या म्हणून."

मामाने चष्मा काढला. म्हणाला, करता येत नाही. पंतप्रधानांची सक्त ताकीद आहे. जो आधी फोन करेल त्याने चूक कबूल केली असं होतं. पलीकडचेही म्हणूनच करत नाहीत. दोन्हीकडे फोनजवळ बसलेत, वाजायची वाट बघत.

"आमच्या वर्गातल्या मुली कट्टी झाल्यावर अशाच करायच्या," मी म्हणाले. आणि मग निघूनच गेलं तोंडातून — "मामा, त्यांच्यात काकांचा लांब्या आहे."

मामा खिडकीतून बाहेर बघत बसला. खाली काका गाडी पुसत होते.

"तालीम संपली," म्हणाला.

वचन मोडलं मी. पण टपरीचं नाही सांगितलं. अर्धंच मोडलं. अंशतः!

शुक्रवार, १५ मार्च

मामाला काहीतरी झालंय. बाथरूममध्ये नळ सोडून एकटाच बोलतो. मामी आणि मी बाहेरून ऐकलं.

"हो. ...हो! ...हो?"

मामी कुजबुजली, "कोणाला हो म्हणतायत एवढं? मला तर कधी एका हाकेत म्हणाले नाहीत."

शनिवार, १६ मार्च

आज परत. "अं... हो." मग खोकला. मग पुन्हा, "अं... हो."

मामी म्हणते डॉक्टरला दाखवू. सुतळी म्हणाले ताण आहे, खाते बदलापर्यंत राहील. आणि खाते बदल लवकरच होईल असं त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं.

रविवार, १७ मार्च

मामा म्हणाला, घराला कान आहेत, तालीम आता गाडीत करायची!

गाडीत! काकांच्या कानाच्या मागे! मी डोळे वटारले, खाकरले, त्याच्या पायावर पाय दिला. काही उपयोग नाही. गाडी सुरू झाल्या झाल्या हा माणूस केवढ्याने ओरडला —

"बाकी काही विचारू देत गं! फक्त 'फोन केला का' एवढं विचारलं तर माझी पंचाईत आहे! एकदम साफ पंचाईत!"

काकांनी आरशातून मागे बघितलं. मी खिडकीबाहेर.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मामा, अरे, जरा हळू तरी!

सोमवार, १८ मार्च

मेलो! म्हणजे मामा मेला!

रेडिओ. आत्याबाई उठल्या. "अध्यक्ष महोदय, एकच साधा प्रश्न. मंत्रिमहोदयांनी शेजारी देशाच्या मंत्र्यांना फोन केला आहे का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग मामा —

"अं... हो."

मामीच्या हातातली सुरी पाटावरच थांबली. "केला?" तिने मला विचारलं. जशी मीच खात्याची मंत्री!

संध्याकाळी सुतळी आले ते धापा टाकत. सभागृहात खोटं बोललं की हक्कभंग! कामकाजात नोंद झाली, आता खोडता येत नाही! पंतप्रधानांचा फोन आला. मामाने तो कानापासून हातभर लांब धरला होता, तरी सगळं ऐकू येत होतं. बैलापासून सुरुवात झाली आणि गाढवापर्यंत गेली. शेवटी, "बोलून बसलायस ना? मग आता कर फोन! उद्या विरोधक कागद मागायच्या आत कर!"

जेवणाच्या टेबलावरूनच केला. मामी, मी, सुतळी भोवती उभे. पलीकडचे मंत्री पहिल्याच घंटीला! जवळच बसले होते वाटतं. मामाने नमस्कार केला — फोनवर, खरोखर हात जोडून, फोन मानेत धरून.

मग ऐकत राहिला. मग म्हणाला, "हो ना, खातात खरे."

नंतर सांगितलं त्याने. ते मंत्री म्हणाले, देवासारखे धावून आलात! तुमचे नऊजण आमचं सगळं गोदाम खाऊन बसलेत. आणि गावातली पोरं म्हणतात ह्यांना सोडू नका — शाळेला सुट्टी आहे ना! आई-बाप माझ्या दारात येऊन बसलेत. परत घ्या हो!

चूक कोणाची, कोणी विचारलंच नाही. उरलेला वेळ गुडघेदुखीवर बोलले.

बुधवार, २० मार्च

आले! नऊच्या नऊ!

काकांना मामाने स्वतः सुट्टी दिली आणि गाडीही दिली. "माझी गाडी घेऊन जा आणायला, तुमचा लांब्या बसमध्ये मावायचा नाही." काका मामाचे पाय धरायला वाकले तर मामा गडबडून मागे सरकला आणि कुंडीवर आदळला.

संध्याकाळी लांब्या आला. जाडा झालाय! मला म्हणाला, "काय गं मुके, साखळी पडली का?"

"नाही," म्हणाले. मग म्हणाले, "बटाटे कसे होते?"

तो बघतच राहिला. मीही.

गावभर मामाची चेष्टा चाललीय. चुकून हो म्हणाला आणि काम झालं, असलं नशीब! टपरीवर आता कोणी काही विचारलं की सगळे म्हणतात, "अं... हो." पंतप्रधान म्हणाले, वेंधळा आहे पण सुदैवी आहे, राहू दे त्याला. खुर्ची वाचली. मामी म्हणते, वेंधळेपणावर आयुष्य काढलं ह्या माणसाने.

मामा ऐकतो आणि हसतो. एकदाही उलट बोलला नाही.

गुरुवार, २१ मार्च

मामा बाथरूममधून बाहेर आला. आज गप्पच होता आत. मी टॉवेल घेऊन दाराशी उभी होते. समोरासमोर विचारलं. माझ्याच आवाजात.

"मामा, इतके दिवस आत 'हो, हो' काय करत होतास?"

त्याने मामी कुठे आहे ते बघितलं. मग हळूच म्हणाला,

"तालीम."

"कसली?"

"चुकून बोलायची."