मिठाची वाटी आणि मेईचे हात

नांदेड, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या प्रसादची बायको मेई हाँगकाँगची. सासरी पहिल्यांदाच आली, अन् मी तिच्याकडून कँटोनीज शिकून राहिले. आज घेण्याचे शब्द. ‘लो’ म्हणजे घे, घेऊन ये. हिंदीसारखंच, लई सोपं. कुणी देतंय ते हातात घेणं म्हणजे ‘जिप’. स्टेशनवर माणसाला घ्यायला जाणंही ‘जिप’च! असं का असेल? पण आवडलं मला.

दुपारी वरणात मीठ कमी होतं. मी ऐटीत म्हणाले, “लो!” आणि मिठाची वाटी ओट्यावर ठेवली. मीठ हातात देत नाहीत, भांडण होतं. मेई मात्र दोन्ही हात पुढे करून उभी. त्यांच्यात दोन्ही हातांनी देण्याघेण्यातच मान. तिचा चेहरा उतरला. मला समजावता येईना, अन् प्रसाद बाहेर गेलेला.

तेव्हापासून ते रिकामे हात डोळ्यांपुढून हलेनात.

आत्ता स्वयंपाक करताना वाटी उचलली, दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली. म्हटलं, “जिप.”

“घेते, आई,” ती चक्क मराठीत म्हणाली अन् हसली.

भांडण होईल म्हणे. होऊ दे. आधी भांडण्यापुरती भाषा तर येऊ दे दोघींना!