लोह्याचा खो-खो आणि माझा गुडघा

१८ नोव्हेंबर, सोमवार

पाय उशीवर. पलंग खिडकीपाशी, आणि खिडकीतून दिसतं काय, तर शेजारच्यांची पाण्याची टाकी! नांदेडच्या डॉक्टरांनी गुडघा शिवून दिला आणि वर बजावलं — डिसेंबर संपेपर्यंत मैदानाचं नाव काढायचं नाही. पोरींना खांबाभोवतीचं वळण दाखवायला गेले आणि पाय जो मुरगळला तो मुरगळलाच. "बाई, पन्नाशी उलटली की तुमची," म्हणाला. माझ्या लेकाच्या वयाचा आहे डॉक्टर.

बसून करायचं काय? म्हणून हे लिहिणं. माझ्या हाताला सवय शिटीची.

१९ नोव्हेंबर

पाच वाजले की अंग नुसतं वळवळतं. कंधारला परकर खोचून खो-खो खेळायचे तेव्हापासून संध्याकाळी पाचला मी घरात कधी नाही. लग्न ठरतानाच यांना सांगितलं होतं, त्या वेळी मी मैदानावर असेन, चहा तुमचा तुम्ही करा. हे "बरं" म्हणाले आणि अजून करतात. लोह्याला शाळेत लागले तेव्हा मैदानात नुसते काटे होते. ते मी उपटले. खांब मी रोवले.

आज चहा देताना हे म्हणाले, "बस की जरा निवांत. खेळ काय पळून जाऊन राहिला का?"

पळूनच तर चाललाय! पुढच्या बुधवारी लातूरला विभागीय सामने. जिंकलो तर राज्यस्पर्धा. आमची शाळा राज्याला कधीच गेलेली नाही. आणि मी टाकी बघत बसले आहे.

२१ नोव्हेंबर

पूनम येऊन गेली. माझीच जुनी खेळाडू, आता शाळेत माझ्या हाताखाली. संघ तीच नेणार. गुणी आहे, पण आवाज म्हणून नाही! ओठातल्या ओठात बोलते. सामन्यात कडेला उभं राहून ओरडायला नको? मी एकेकीला सांगते — "उठ लुबना!" "डावीकडं पळ!" बसस्टँडपर्यंत ऐकू जातं म्हणतात.

तरी दर वर्षी फाऊलवर मार खातो. पाठीवर हात पडून 'खो' ऐकू आल्याशिवाय बसलेल्या पोरीनं जागेवरून उठायचं नाही, एवढा साधा नियम. आमच्या पोरी आधीच उठतात. पंच शिटी मारतो आणि पुढची पळणारी निसटते. गेल्या वर्षीचा अंतिम सामना असाच गेला. धीर म्हणून नाही पोरींना.

२४ नोव्हेंबर

पूनमला सकाळपासून सारखा फोन. शेवटी उचलेनाशी झाली.

२६ नोव्हेंबर

सुचलं! पूनमला सांगितलं, सामना सुरू झाला की व्हिडिओ लाव आणि फोन कडेच्या बाकावर ठेव, आवाज मोठा करून. मी इथून बघते, इथून सांगते.

"बघते मॅडम," म्हणाली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

फोन बंद! यांच्या फोनवरून लावला, शेजारच्या पंचाक्षरीच्या फोनवरून लावला. बंद. कुबडी घेऊन दारापर्यंत गेले तर हे आडवे.

"कुठं निघालीस?"

"लातूरला."

"हाव का? अन् बसमधी कशी चढणार?"

कुबडी फेकली मी. यांनी उचलून आणली. स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी — जिंकलो! राज्याला जाणार! पूनम फोनवर रडत होती. मीही रडले. फोन का बंद होता ते विचारायचं राहूनच गेलं.

२८ नोव्हेंबर

लुबना आली, आमची कप्तान. अम्मीनं केलेली खीर घेऊन. पदक माझ्या गळ्यात घातलं. मी पहिला प्रश्न केला, "फाऊल किती?"

"एक बी न्हाई मॅडम."

विश्वास बसेना. "पूनमनं असं काय शिकवलं?"

"काहीच न्हाई." डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसली. मी म्हटलं, सांग की.

"गुस्सा नका करू मॅडम. तुम्ही बाहेरून 'उठ' म्हणले की आमचं अंग आपोआप उठतंय. मागची पोरगी अजून पोचलेली बी नसती. लातूरला बाहेरून कोणीच वरडत नव्हतं. खो तेवढा ऐकू येत होता."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्हाला कोण बोलणार मॅडम?"

मी म्हटलं, खीर चांगली झाली आहे.

२९ नोव्हेंबर

लई वाईट वाटतंय. मी नव्हते म्हणून जिंकल्या.

२ डिसेंबर

पूनम आली. विचारायच्या आत म्हणाली, "फोन मीच बंद केला होता मॅडम." इतकं स्पष्ट ती कधी बोलल्याचं आठवत नाही. चिडले, खूप चिडले. चहाही विचारला नाही. जाताना दारातून म्हणाली, "राज्याला तुम्ही यायचंच. फक्त..." पुढचं मला कळलं.

जायचं का? गेले तर तोंड बंद राहील माझं? आणि नाही गेले तर मी कोण?

९ डिसेंबर

टीव्हीवर कबड्डी लागली होती. हे आतून म्हणाले, "तू टीव्हीला बी सांगून राहिलीस!"

मला कळलंच नव्हतं.

१६ डिसेंबर

काही नाही. टाकी.

२८ डिसेंबर, शनिवार

डॉक्टरांनी तीन दिवस आधीच सोडलं. पाच वाजता मैदानावर गेले. पूनमनं लिंबाखाली खुर्ची टाकली. सराव संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. लुबनाचा 'खो' फार बारीक आहे. सहावीपासून पोर माझ्याकडे खेळते आहे, आणि तो मी आज पहिल्यांदा ऐकला.