वनजा टीचरचा कापलेला तास

प्रिय जिष्णा,

मी तुझी अम्मम्मा. तुझ्या आईची आई, थलश्शेरीच्या अलीकडच्या स्टॉपवर उतरलं की भेटते ती. ओळख करून दिलेली बरी. ओणम संपवून कोळिकोडला गेलीस तेव्हा छत्री विसरलीस, पोहोचल्याचा फोन विसरलीस, म्हातारीलाही विसरली असशील. मीच फोन केला असता, पण मी रागावले की तुझ्या हॉस्टेलची रेंज जाते. पत्र मधेच तोडता येत नाही.

लिहून घेतेय समोरची कौसू. आम्ही दोघींनी जन्मभर मांडीला मांडी लावून विड्या वळल्या आणि एकदाही एका पक्षाला मत दिलं नाही. आत्ता मी तिच्या पक्षाला चोर म्हटलं. तिने तोंड वाकडं केलं, पण लिहिलं 'चोर'च. वर म्हणते, "आणि तुमचे काय साधू?" म्हटलं, तेही लिही.

बातमी तुला माझ्याआधी कळली असेल. तुझ्या वनजा टीचरला कॉलेजने घरी बसवलंय. गुरुवारी चौकशी, नोकरी जाणार म्हणतात. तिचं वर्गातलं बोलणं ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वाजतंय: "चौकाचौकातली ही हुतात्म्यांची स्मारकं पाडा. ती आपल्या पोरांना मरायला शिकवतात." तिचं माहेर आपल्याच गावचं. पक्षापायी मारल्या गेलेल्या तिच्या भावाचं स्मारक आपल्या बसस्टॉपवर आहे, दरवर्षी ती तिथे फुलं वाहते. मासेवाला अझीझ मला म्हणतो, "अम्मे, सख्ख्या भावाचं स्मारक पाडायला निघालेली तुमच्या नातीची टीचर ती हीच ना?" मी म्हटलं, "तू आधी बांगड्याचे कल्ले दाखव. शिळा माल खपवणाऱ्याने दुसऱ्याची नियत काढू नये." पण घरी येऊन चुलीवरचा भात करपवला. म्हातारपणाने नव्हे, रागाने.

आमच्या कारखान्यात एकजण पेपर वाचायचा, बाकीचे विड्या वळायचे. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या आम्ही आमच्यातून भरून द्यायचो. सकाळी आमच्या पक्षाचा पेपर, जेवणानंतर कौसूच्या. भांडणं व्हायची, एकमेकांचे आईबाप निघायचे, पण बातमी संपल्यावर. मधे कुणी तोंड घातलं तर उरलेली बातमी त्यानेच उभं राहून वाचायची, शेवटच्या ओळीपर्यंत. आमच्यातल्या करुणनने एकदा वाचणाऱ्याच्या हातातून कौसूच्या पक्षाचा पेपर हिसकावला. आम्हीच, त्याच्याच पक्षाच्या बायकांनी, त्याला वाचायला लावला. मिरचीसारखा लाल झाला, पण एक शब्द गाळला नाही मेल्याने. सगळ्यांच्या हातात पानं कापायच्या कात्र्या होत्या ना.

आणि तुम्ही? टीचर वर बोलतेय, बाकाखाली मोबाइल चालू. नाही पटलं तर उठून भांडायचं! माझ्याशी मीठ कमी पडलं म्हणून भांडतेस, तेव्हा कुठून येतो आवाज? तो वर्ग आहे की चोरबाजार? उद्या कुठली टीचर तुमच्यापुढे मोकळं तोंड उघडेल? पुस्तक वाचून दाखवेल, हजेरी घेईल, निघून जाईल.

आता कौसूलाही ठाऊक नाही ते सांगते. लिही गं, थांबू नकोस. ओणमला ओसरीवर बसून तू मला मोबाइलवर तो तास ऐकवलास. अख्खा. स्मारकं पाडा म्हणायच्या आधी टीचर म्हणते, "आज मी मला न पटणारी बाजू मांडणार. माझा भाऊ त्या दगडात आहे. बघू, मला कोण खोडून काढतं." तू तेव्हा म्हणालीस, "काय बोलते ना, अम्मम्मे!" ते बोलणं फक्त तुझ्या मोबाइलवर होतं, तूच सांगितलंस, पोरी. मग सुरुवात कापून उरलेला भाग बाहेर कुणी सोडला? कॉलेजची निवडणूक आली, पक्षाच्या युनिटच्या पोरांनी प्रचारात गाजवायला मागितलं, तू कापून दिलंस. बरोबर ना? गुरुवारी चौकशीला जा. सगळा तास लाव आणि 'मी कापला' म्हण. नाही गेलीस तर मी आणि कौसू पहिल्या बसने येऊ, आणि तुझ्या युनिटसमोर तुझा कान धरू. एक कान मी, एक ती.

मला यंदा कोळिकोडचा हलवा पाठवू नकोस, माझ्या घशाखाली उतरणार नाही. तो काळा हलवा टीचरच्या घरी ने, चांगला किलोभर, सोबत खोबरेल तेलातले केळ्याचे काप. आणि दारात ठेवून पळायचं नाही. ती डबा उघडेपर्यंत समोर उभी राहा.

तुझीच, अजून तरी,
अम्मम्मा