पोहण्यास योग्य

सोमवार, ३ मार्च

पोचलो एकदाचे! सामान वर चढवताना कंबरेचा काटा ढिला झाला, पण खोलीची खिडकी उघडली आणि सगळा शीण गेला. खाली नदी. अगदी खाली; खिडकीतून लिंबाची बी टाकली तर पाण्यातच पडावी. चपला काढायच्या आधी आईने खिडकी गाठली आणि म्हणाली, की तुझ्या नोकरीने आजवर मला गटारं, नाले आणि नाकाला रुमाल एवढंच दाखवलं, या वेळी कुणाला तरी माझी दया आलेली दिसते.

काम सोपं आहे. नदीच्या वरच्या अंगाचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. नगरपालिकेला इथे पोहण्याचा घाट सुरू करायचाय. हे पाणी माणसांनी डुंबायला आणि मासे-किड्यांनी जगायला योग्य आहे का, ते मी तपासून सांगायचं. नगरपालिकेचे साहेब भेटले. भला माणूस. पहिल्या दिवशी शाळेतली मुलं पाण्यात उतरवणार म्हणून त्यांचा उत्साह नुसता उतू चालला होता.

आई गुडघ्यांना तेल चोळत गुणगुणतेय. किती दिवसांनी!

बुधवार, ५ मार्च

दिवसभर होडीत. नावाडी फारसा बोलत नाही, पण वल्हं असं मारतो की पाण्याला पत्ता लागू नये. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी सोडली, ती तळाला टेकली तरी लख्ख दिसत होती. विरघळलेला ऑक्सिजन भरपूर. दगड उलटून जाळी धरली, तर ज्या तीन शेपट्यांच्या अळ्या फक्त स्वच्छ पाण्यात तग धरतात त्या मूठभर निघाल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पाणी मी पाहिलेलं नाही.

एकच गंमत वाटली. एवढं आरशासारखं पाणी आणि काठावर चिटपाखरू नाही. कुणी कपडे धूत नाही, कुणी पाय बुडवून बसत नाही. रबरी बूट आणि मोजे माझेही असतात, पण ते नियमाने. नावाड्याचे बूट कमरेपर्यंत. त्याच्या मनगटावर एक थेंब उडाला, तर उकळतं तेल उडाल्यासारखा त्याने तो शर्टाला खसाखसा पुसला. मी हसले. तो हसला नाही.

शनिवार, ८ मार्च

प्रयोगशाळेचा निकाल आला. घातक जंतू जवळजवळ नाहीतच. आईला सांगितलं आणि फसले. ती पदर खोचून तयारच होती. म्हणाली, तुझ्या शिक्क्याची वाट बघत होते, आता तरी जाऊ का? मीच म्हटलं, जा.

लहान मुलीसारखी डुंबली. मी काठावर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, नावाडी पलीकडे होडीत बसून बघत होता. बाहेर आली ती कठड्याला हात न लावता जिना चढून वर. गुडघे दुखत नाहीत म्हणे. म्हातारीला नदीत सोडून आलेय, आता हवी तर तूच जाऊन आण, असं म्हणून इतकी हसली की तिला ठसका लागला.

मंगळवार, ११ मार्च

आई रोज जाते. जिना पळत चढते.

तिची वेणी वाळत नाहीये. शनिवारपासून. पंख्याखाली बसवलं, उन्हात बसवलं, टॉवेलवर टॉवेल पिळले. माझे केस दाट आहेत, तुझ्यासारखी उंदराची शेपटी नाही, असं तिचं म्हणणं. हसलो दोघी. नंतर तिच्या खुर्चीवरची गादी उचलली. पिळली तर पाणी निघत होतं.

शुक्रवार, १४ मार्च

डॉक्टरांकडे नेलं. नाडी उत्तम, रक्तदाब उत्तम, या वयात अशी तब्येत नशिबाने मिळते म्हणाले. त्वचा सारखी ओली का, यावर घाम असेल म्हणाले. त्यांनी चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली, तेवढ्यात शाई पसरून गेली.

घाम खारट असतो. घरी आल्यावर मी आईच्या कोपरावरून टपकणारं पाणी बाटलीत धरलं आणि मीटर बुडवला. नदीचेच आकडे. दशांश चिन्हापुढचेसुद्धा. भिंगाखाली एक अळी दिसली. जिवंत. तीन शेपट्या हलवत होती.

आईला सांगितलं, आजपासून नदी बंद. ती म्हणाली बरं. वाद नाही, टोमणा नाही. नुसतं बरं. आई अशी कधी बोलत नाही.

रविवार, १६ मार्च

सकाळी नावाड्याला गाठलं. आधी नुसता वल्हं पुसत राहिला. मी आईचं सांगितलं तेव्हा खाली बसला.

त्याची बायको गेली ती याच पाण्यात. कारखाना होता तोवर नदी काळी होती, मेलेली होती, आणि सगळे सुखाने नांदत होते. कारखाना गेला, पाणी निवळलं, आणि कौतुकाने पहिली उतरली ती तीच. तिचेही सांधे बरे झाले. तीही वाळेना. मग एके दिवशी अंथरुणात नुसतं पाणी. “घाण होती तेव्हा बरं होतं,” तो म्हणाला. “घाणीखाली दबून होतं ते.”

मी विचारलं, माझी आई उतरताना तू समोर होतास, मग हाक का मारली नाहीस?

त्याने वल्हं बाजूला ठेवलं.

“माझी बायको एकटी होती हो खाली. तिला सोबत हवी होती.”

मी त्याला मारलं. त्याने हात वर केला नाही.

बुधवार, १९ मार्च

साहेबांच्या पाया पडायची बाकी राहिले. घाट उघडू नका म्हटलं. त्यांनी माझेच कागद माझ्यापुढे सरकवले आणि अगदी शांतपणे विचारलं, “कोणत्या निकषावर?”

माझ्याकडे निकष नाही. गढूळपणा नाही, जंतू नाहीत, विषारी धातू नाहीत. आई वाळत नाही, हे कुठल्या रकान्यात लिहू? त्यांनी पाणी मागवलं माझ्यासाठी. आईच्या आजारपणाचा ताण दिसतोय म्हणाले. चार दिवस सुट्टी घ्या म्हणाले.

मी पेल्याला हात लावला नाही.

शेवटच्या फेरीचे नमुने अजून जायचे आहेत. तेवढंच हातात आहे.

गुरुवार, २० मार्च

केलं. नदीच्या बाटल्या ओतून टाकल्या आणि घरामागच्या गटारातून भरल्या. वाकल्यावर नाक धरावं लागलं, इतकी घाण. चिठ्ठीवर लिहिलं, नदी, मधली धार. आजवर एका आकड्याची खोटी नोंद केली नव्हती.

हे पाणी कुठल्याच परीक्षेत पास होणार नाही. घाट बंद. आईला घेऊन निघायचं, दूर, जिथे नदी नसेल तिथे.

आईला आतल्या खोलीत ठेवलंय, मोरी आतच आहे. बाहेरून कडी. ती दारापलीकडून म्हणते, पोरी, जेवलीस का? एवढंच. सारखं एवढंच.

सोमवार, २४ मार्च

निकाल आला. सर्व नमुने उत्तम.

उत्तम! मी धावत घरामागे गेले. गटार नितळ वाहतंय. तळाची वाळू दिसते. वाळूवर अळ्या —

आमच्या मोरीचं पाणी तिथेच जातं. आई आठवडाभर मोरीतच अंघोळ —

साहेबांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. उद्घाटनाची वाट कशाला बघायची, उद्या सकाळी मुलांना सरावाला आणतो म्हणाले. मी ओरडले. म्हटलं, ते गटाराचं पाणी होतं, मी लबाडी केली, मला कामावरून काढा, तुरुंगात टाका, पण मुलं नका आणू. मग साहेब हळूच म्हणाले, गटाराचं पाणी असं येईल का हो? झोपा जरा.

फोन पुन्हा लावला. उचलत नाहीत.

आईच्या दाराखालून पाणी येतंय. चादरी लावल्या. पांघरुणं लावली. फोन तिथेच जमिनीवर राहिला. बंद पडला.

मंगळवार, २५ मार्च, सकाळ

आईचा आवाज येईना म्हणून कडी काढली.

पलंगावर तिचा गाऊन. आकार तिचाच. आत पाणी.

आई —

जिन्याच्या खालच्या पायऱ्या बुडाल्यात. पाणी चढतंय, आवाज न करता. मी सगळ्यात वरच्या पायरीवर आहे, बूट खाली दारापाशी राहिले.

तीच, थोड्या वेळाने

मुलं आली. रांगेत. टॉवेल खांद्यावर टाकून, खिदळत. खिडकीतून ओरडले, भांडी फेकली, खुर्ची फेकली. साहेबांनी वर बघून हात हलवला. मुलांनीही हलवला.

आवाज बसला. आता फुटतही नाही.

पाण्यात कंबरेपर्यंत आई उभी आहे. शेजारी एक बाई, मी कधी न पाहिलेली. नावाडी होडीत उभा, रडतोय. आईने दोन्ही हात पुढे केलेत. मुलांना सांगतेय, घाबरू नका, मी धरते. इतकी सुंदर दिसतेय. पहिल्या मुलीने चपला काढल्या.

हे ज्याला मिळेल त्याने वाचत बसू नये. धावत घाटावर जावं. वही माळ्यावर ठेवते.

मला जिना उतरायलाच हवा. दुसरी वाट नाही. ओली झाले तर झाले.

पाण्यातली पहिली पायरी. घोट्यापर्यंत.

कोमट आहे. कालपासून डोकं ठणकत होतं, ते थांबलं. सगळंच थांबलं. वही ठेवायची होती वर, पण

नाही. मुलं. मुलांना सांगायचंय की पाणी

आईने इकडे बघितलं. मला विचारतेय, जे