जीपची बॅटरी, रेडिओची बॅटरी

६ फेब्रु. ६१, सोम.
माधव अमरावतीहून आला, चहा घेतला नि परतवाड्याच्या गाडीनं लगेच परत. भाऊ कसला, पाहुणाच. पण बातमी आणली. "ताई, आपली कुसुम येत्या रविवारी सकाळी नागपूर रेडिओवर गाणार हाय. पोरांच्या कार्यक्रमात."
हे वारल्यावर सासूबाईंनी पोरगी अकोल्यालाच ठेवून घेतली. म्हणे, नर्सबाईच्या घरी पोर वाढत नसते. दोन वर्षं झाली तिचा आवाज ऐकून.

९, गुरु.
रेडिओ लावला. आधी खरखर, मग तीही नाही. बॅटरी बसली. नेमकी आताच! परतवाड्याला भरायला दिली तर रविवारच्या आत येत नाही. कोपऱ्यात बसून रडले. दवाखान्याच्या जीपचे ड्रायव्हर गुलाबराव आले, "काहून रडता बाई? जीपच्या बॅटरीले जोडून देतो. दोनी सहा व्होल्टच्याच हायेत."
देवमाणूस.

११, शनि.
संध्याकाळी तारा जोडल्या. गुलाबरावांनी थोडा वेळ इंजिन चालवलं, मग बंद केलं. "तारा राहू द्या तशाच. जीपची बॅटरी भरन हिले रातभर." डोकं काय धुतलं, नवं लुगडं काय काढलं! रेडिओपुढे बसायला. वेडी कुठली.

१२, रवि.
सकाळीच बैलगाडीतून एक पहिलटकरीण आणली. मूल आडवं. माझ्या हातचं काम नाही, परतवाड्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं. जीपचा स्टार्टर हूं की चूं करेना. गुलाबरावांनी कपाळाला हात लावला.
"बसलेलीनं भरलेलीले ओढून घेतलं बाई. इंजिन चालू ठेवाले पायजे होतं."
दोन्ही अर्धवट. जाड केबलनं दोन्ही एकत्र जोडल्यावर इंजिन फिरलं. वाटेत बंद पडलं तर? म्हणून रेडिओची बॅटरी जीपमध्येच. मीच उचलून ठेवली. बसताना मनातल्या मनात त्या बाईला शिवी दिली. दिली ती दिली.
ऑपरेशन झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप. बाहेर आले तर गुलाबराव उभे.
"बाई, समोरच्या हाटेलात रेडिओ लागून होता. एक पोरगी गाऊन राहिली होती."
नाव?
"मी पोचलो तवा नाव सांगून झालं होतं."
आवाज कसा होता?
"आता कसा सांगू? पोरीचा असते तसा."
चाल म्हणून दाखवा म्हटलं. लाजले, पण म्हणाले. अगदी बेसूर. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. भर रस्त्यात रडू आलं. कुसुमच असेल का? दुसऱ्याही पोरी असतील की.

१४, मंगळ.
रजा मिळाली. उद्या निघते, मूर्तिजापूरवरून अकोला. सासूबाई दारातूनच परत पाठवतील बहुतेक. पाठवू देत. रस्त्यावरून मोठ्यानं हाक मारीन. तिनं ओ दिली तर तेवढा आवाज तरी कानावर पडेल.